गाणं कुणाच्या घरी उरतं?



सायखेडा-चांदोरी परिसरात ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना भजनाचा नाद होता, असं इथं आल्यावर कळलं. मला धीर आला. कारण आजचा विषय मी जरा लांबून आणणार आहे. इटलीतून. तिथला जाझ, तिथलं आयत्या वेळी सुचत जाणारं संगीत आणि त्याच्या रेकॉर्डी शोधत हिंडणारी माणसं. पत्रिका वाचून काहींनी विचारलंही असेल, की गोदाकाठच्या आमच्या बाजारपेठेच्या गावात हे कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला मला थोडा वेळ द्या.

काही संगीत कागदावर लिहिलेलं असतं. मोझार्ट गेला, पण त्याची सिम्फनी कागदावर राहिली. आज कुणीही ती उघडून वाजवू शकतो. आपल्या ख्यालाचं तसं नाही. बंदिश दोन-चार ओळींची. ती वहीत उतरवता येते. पण त्या ओळींवर गवई पुढे तासभर जी बढत करतो, ती वहीत कुठे असते? ती त्या रात्री, त्या मैफलीत, समोरच्या माणसांकडे बघत जन्मते आणि तिथंच संपते. जाझमध्येही हेच घडतं. ओळखीची एक चाल सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग तिच्या स्वरांच्या चक्रावर एकेकानं मनातलं रचत जायचं आणि फिरून चालीवर यायचं. आपण मुखडा पकडून समेवर येतो, तसं. आपला कीर्तनकार उत्तररंगात सुचेल तसं आख्यान फुलवतो, जात्यावरची बाई ओवीला ओवी जोडते, तेही याच कुळातलं. या संगीताला ध्वनिमुद्रणाशिवाय दुसरी वही नाही.

वही नसली म्हणजे काय होतं? भास्करबुवा बखले यांचं उदाहरण घ्या. मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य, बालगंधर्व त्यांचे शिष्य. 1911 साली पुण्यात त्यांनी भारत गायन समाज काढला. 1922 साली बुवा गेले. तोवर आपल्याकडे रेकॉर्डी निघायला वीस वर्षं झाली होती. बुवांची एकही रेकॉर्ड नाही. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब 1946 पर्यंत हयात होते, त्यांचीही रेकॉर्ड बाजारात आली नाही. ज्यांच्यामुळे महाराष्ट्राचं गाणं आजचं गाणं झालं, त्या दोघांचा आवाज आपल्यापैकी कुणीही ऐकलेला नाही. मला याचं दुःख होतं. नुसती हळहळ म्हणत नाही मी, दुःख होतं.

आता 1902 सालात चला. फ्रेड गायसबर्ग नावाचा तरुण ग्रामोफोन कंपनीचं यंत्र घेऊन त्या वर्षी एप्रिलमध्ये मिलान शहरात होता. तिथल्या हॉटेलच्या खोलीत त्यानं एन्रिको कारुसो या गायकाची दहा गाणी घेतली, शंभर पौंड देऊन. त्या तबकड्यांनी कारुसोचं नाव जगभर झालं. तोच गायसबर्ग नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात होता आणि तशाच हॉटेलच्या खोलीत त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. एकच माणूस, एकच वर्ष. एकीकडे इटली, दुसरीकडे आपण. ध्वनिमुद्रित संगीताच्या दारातून ही दोन्ही घरं जवळपास बरोबरच आत आली.

आणि त्या तबकड्या कशाच्या होत्या? लाखेच्या. पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या झाडावर जो लाखेचा किडा जगतो, त्याची लाख. दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तिची तबकडी दाबायची. जगाची लाख मुख्यत्वे हिंदुस्थानातून जायची, छोटा नागपूरच्या जंगलातून. दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेना तेव्हा 1942 साली अमेरिकन सरकारनं रेकॉर्डींसाठी तिच्या वापरावर कडक मर्यादा घातली. म्हणजे न्यूयॉर्कमधला जाझ असो की मिलानमधला कारुसो, तो वाजत होता आपल्या जंगलातल्या लाखेवर. मुलांनो, हे शाळेत सांगितलं जात नाही, म्हणून सांगितलं.

गौहरजानच्या रेकॉर्डीकडे परत येऊ. गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगते. का? ठसे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचे, तबकड्या तिथं दाबल्या जायच्या. तिथल्या कामगाराला कसं कळणार, हा आवाज कुणाचा आणि मधल्या कागदावर कुणाचं नाव छापायचं? म्हणून गाणाऱ्यानंच नाव सांगायचं. पुढे व्यवस्था सुधारली आणि ही चाल मागे पडली. नाव फक्त कागदाच्या लेबलावर राहिलं.

गोदावरीला 2016 साली पूर आला, 2019 साली आला. पाणी घरात शिरतं तेव्हा काय होतं, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. पुरातून निघालेली जुनी तबकडी पुसली, वाळवली, तर पुष्कळदा वाजते. पण लेबल? तो कागद जातो. आवाज आपल्यापुढे असतो आणि नाव नसतं. मग संग्राहक काय करतो? तबकडी तिरपी धरून मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर उजेड पाडतो. तिथं एक बारीक क्रमांक दाबलेला असतो, मुद्रणाच्या वेळी ठशाला दिलेला. तो लाखेतच असतो, म्हणून पाण्यानं जात नाही. हा क्रमांक जुन्या याद्यांशी ताडून पाहायचा. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनीअर यांनी आयुष्य घालून हिंदुस्थानातल्या आरंभीच्या मुद्रणांच्या अशा याद्या सिद्ध केल्या. त्यांचा ग्रंथ 1994 साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं काढला. 1990 साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था सुरू झाली. तिचं काम वर्षानुवर्षं वाहिलं सुरेश चांदवणकर यांनी, आणि ते व्यवसायानं टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. गाण्याच्या या कामाला कुणी गवई पुढे आला नाही, सरकारी खातं आलं नाही. आपल्या नोकरीधंद्यातून वेळ काढणारी माणसं आली.

मी आज एवढंच सांगायला आलो आहे. गाणं गाणारा निर्माण करतो, पण पुढे ते उरतं दुसऱ्याच कुणाच्या घरी. आणि त्या घरात त्याचं नाव शाबूत राहिलं, तरच ते खऱ्या अर्थानं उरतं.

केसरबाई केरकरांची हकिगत ऐका. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सूर्यमालेच्या बाहेर पाठवली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक-एक तबकडी बसवली, पृथ्वीवरचं संगीत भरून. तीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचा 1927 सालचा जाझही आहे. दोन्ही त्या क्षणी सुचलेलं, दोन्ही त्या जुन्या तबकड्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं.

भैरवीची शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं केली. पण रेकॉर्ड बाजारातून गेलेली होती. मिळेना. शेवटी यानावरच्या तबकडीसाठी संगीत जमवणाऱ्या अ‍ॅन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका हिंदुस्थानी कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात सापडली, टेबलाखालच्या एका खोक्यात. त्या दुकानदारानं ते खोकं अडगळ म्हणून फेकून दिलं असतं तर? पहिलं यान ऑगस्टमध्ये सुटलं, दुसरं 5 सप्टेंबरला, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज आजही पृथ्वीपासून दूर दूर चालला आहे, आणि त्यामागे विक्रीची कपाटं भरलेल्या दुकानातलं टेबलाखालचं एक खोकं आहे. संग्राहकाच्या कामाचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता इटली. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, मी ख्यालाच्या रेकॉर्डी शोधत असे. तिथं एकदा सॅक्सोफोनवाल्या डेव्हिड मरेची एल.पी. हाताला लागली. वादक अमेरिकन, संगीत अमेरिकन. मागच्या बाजूला पाहिलं तर पत्ता मिलानचा. कंपनीचं नाव ब्लॅक सेंट. अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं संगीत मिलानमध्ये का छापलं जातं? हा प्रश्न मला सोडेना आणि इटलीचा माझा शोध तिथून सुरू झाला.

ब्लॅक सेंट 1975 साली जाकोमो पेलिचोत्ती यांनी काढली. थोड्याच काळात ती जोव्हान्नी बोनान्द्रीनी यांच्याकडे आली आणि 1979 साली तिला सोल नोट नावाची जोडकंपनी मिळाली. त्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना हे मोकळं, बांधीव चाल न मानणारं संगीत नको होतं. विकलं जात नाही, म्हणून. मग मॅक्स रोच आणि अँथनी ब्रॅक्स्टन, ढोल आणि सॅक्सोफोन एवढे दोघंच, कुठे मुद्रित झाले? ब्लॅक सेंटकडे. सेसिल टेलरचा एकल पियानो? सोल नोटकडे. वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट? ब्लॅक सेंटकडे. ज्या देशानं ते संगीत जन्माला घातलं त्यानं दार लावून घेतलं, आणि मिलानच्या माणसानं उघडलं. आज त्या काळचा अमेरिकन जाझ अभ्यासायचा तर इटालियन रेकॉर्डींवाचून गत्यंतर नाही.

इटलीच्या स्वतःच्या वादकांचं काय? जॉर्जो गासलीनी, एन्रिको रावा, मारिओ स्कियानो, जानलुईजी त्रोव्हेझी. ही नावं जाझच्या दर्दींना ठाऊक असतात, बाकी जगाला क्वचित. आणि आणखी एक मंडळी, जी मला फार जवळची वाटते. 1964 साली रोममध्ये फ्रांको एव्हांजेलिस्ती यांनी काही संगीतकार गोळा केले. अट अशी, की इथं येणारा रचनाकारच पाहिजे, लिहून संगीत करणारा. आणि इथं मात्र त्यानं काही लिहून आणायचं नाही. समोरासमोर बसून वाजवायचं, एकमेकांचं ऐकायचं, त्यातून जे होईल ते संगीत. त्यांच्यात एन्नियो मॉरिकोने ट्रम्पेट वाजवत. तेच मॉरिकोने, काउबॉयच्या सिनेमांतली ज्यांची शीळ आणि गिटार तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. एक-एक सूर कागदावर मांडून चित्रपटाला देणारा माणूस आठवड्यातून सवड काढून कागदाविना वाजवायला जातो. कशाची भूक असेल ती? आपल्या रियाझातल्या, मैफलीतल्या माणसाला ती भूक समजावून सांगावी लागत नाही.

व्हेनिसमध्ये आलँ दानिएलू यांनी 1969 साली तुलनात्मक संगीताच्या अभ्यासाची संस्था काढली. हा फ्रेंच माणूस काशीत वर्षानुवर्षं राहून वीणा शिकला होता. युनेस्कोसाठी त्यानं पूर्वेकडच्या संगीताच्या रेकॉर्डींच्या माला काढल्या, डागर बंधूंचं ध्रुपद त्यामुळे युरोपात पोहोचलं. आपलंही थोडं धन असं इटलीत राहिलं.

आणि जाझ इथं, आपल्या नदीच्या काठी, होता की नाही? होता! सायखेड्याहून गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जाते, कोपरगाव ओलांडते आणि पुणतांब्याला पोहोचते. त्या पुणतांब्यात 1918 साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. म्हणजे आपले सी. रामचंद्र. 1951 चा 'अलबेला' आठवा. त्या गाण्यांतला ट्रम्पेट कुणाचा? चिक चॉकलेटचा. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्याचा माणूस, आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डी ऐकून घडलेला. मुंबईच्या ताज हॉटेलात 1935 साली लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन वादकाचा बँड आला, त्यानंतर तिथं जाझ रुजला आणि गोव्याच्या तरुणांनी तो आपलासा केला. रात्री हॉटेलात जाझ, दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. सी. रामचंद्रांची चाल आणि चिकचा ट्रम्पेट, पुणतांबे आणि गोवा असे एकत्र आले आणि आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं तंबूतल्या सिनेमात जाझ ऐकला, तो जाझ आहे हे ठाऊक नसताना.

चित्रपटाच्या तबकडीवर नाव कुणाचं असायचं? गायकाचं, संगीतकाराचं. वादकाचं नाही. चिकनं स्वतःच्या बँडच्या नावानं मोजक्या तबकड्या केल्या. बाकी त्याचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या नावांखाली वाजत राहिलं. 1967 साली तो गेला. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक लिहिलं, जुन्या वादकांना, त्यांच्या कुटुंबांना शोधून काढलं, रेकॉर्डी जमवल्या. तेव्हा कुठे त्या माणसांना त्यांचे चेहरे आणि नावं परत मिळाली. हे काम पन्नास वर्षं आधी व्हायला हवं होतं. आणि ख्यालाच्या जुन्या रेकॉर्डींवर तरी तबलजीचं नाव किती वेळा असतं? सारंगीवाल्याचं? बहुतेक वेळा नसतंच. खाँसाहेबांची तान ऐकून आपण वाहवा म्हणतो, आणि त्या तानेला जागा करून देणारा ठेका कुणाचा, ते कधीच कळणार नाही. हा अन्याय आहे आणि तो आपण रसिकांनी चालू दिला.

संग्राहकांबद्दलही बोललं पाहिजे. या जगात असे लोक आहेत, की ज्यांच्या कपाटात थोर गवयांच्या खाजगी मैफलींच्या टेपा आहेत आणि ते त्या कुणाला ऐकू देत नाहीत. दुसऱ्याकडे नाही, हेच त्यांच्या संग्रहाचं मोल. मी याच्या विरुद्ध आहे, ठामपणे विरुद्ध. टेप कुलपात मरते. तिच्यावरचा थर सुटतो, बुरशी धरते, एक दिवस मालक जातो आणि मुलं सगळं भंगारात देतात. बापूराव पलुसकर 1955 साली चौतिसाव्या वर्षी गेले. विष्णु दिगंबरांचा हा मुलगा, बालपण नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात गेलेलं. त्यांच्या गाण्यातलं आज आपण जे तास-तासभर ऐकतो, त्यातलं बरंचसं आकाशवाणीच्या आणि मैफलींच्या मुद्रणांतून पुढे बाहेर आलं. कुणीतरी जपलं, आणि मुख्य म्हणजे दिलं.

याउलट एक काम पाहा. गी पॉइतवाँ आणि हेमा रायरकर यांनी पुण्याजवळच्या मुळशी भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक. ओवीशी गाणारीचं नाव आहे, गावाचं नाव आहे. पहाटे अंधारात दळताना जे सुचलं आणि पीठ भरताच जे विरलं असतं, त्यातलं काही आज नाव-गावासकट ऐकताही येतं. संग्रह कसा करावा, हे त्या दोघांकडून शिकावं.

आता गाव. इटलीच्या टाचेकडे पुलिया नावाचा प्रांत आहे. द्राक्षांचा मुलूख, आपल्या निफाड तालुक्यासारखाच. तिथं नोची नावाचं एक लहानसं गाव आहे. पीनो मिनाफ्रा हा ट्रम्पेटवादक तिथं जाझचा महोत्सव भरवी. 1990 साली त्या गावात इटलीतले निवडक वादक एकत्र आले, गासलीनी, स्कियानो, त्रोव्हेझी त्यांच्यातच होते, आणि इटालियन इन्स्टाबिले ऑर्केस्ट्रा उभा राहिला. पुढे लंडनच्या लिओ रेकॉर्ड्सनं त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. तिच्या नावातच नोची आहे: नोची आणि फ्रान्समधलं रिव्ह-द-झिए, या दोन ठिकाणी प्रत्यक्ष वाजलेलं संगीत. आज टोकियोतला दर्दी असो की न्यूयॉर्कमधला, ज्याला नकाशावर पुलिया दाखवता येणार नाही, त्यालाही नोची हे नाव माहीत असतं.

तुमच्या गावातही आयत्या वेळी सुचलेलं पुष्कळ संगीत होऊन गेलं आहे. हरिनाम सप्ताहात रात्रभर चाललेलं भजन, जत्रेतली भारुडं, तमाशातली गणगौळण, एखाद्या पखवाजवाल्यानं पहाटे केलेली लग्गी. 1980 नंतर घरोघर टेपरेकॉर्डर आले तेव्हा कुणी ना कुणी ते टिपलंच असणार. त्या कॅसेटी माळ्यावर आहेत, लोखंडी पेटीत आहेत, काही पुरातून वाचल्या आहेत. त्यांवर काय लिहिलं आहे? 'भजन'. किंवा 'सप्ताह, बाजू दोन'. बस. आणि तो आवाज ओळखणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून जाता जाता कामाचं सांगतो, तरुणांनी लक्ष द्या. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट काढल्या काढल्या जुन्या यंत्रात घालू नका, फीत गुंडाळून तुटते. आधी बुरशी आहे का पाहा. असली तर जाणकाराकडे द्या. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही भरणार नाही. स्पीकरच्या जवळ ठेवू नका. संगणकावर घेताना नुसती एमपीथ्री करू नका, पूर्ण दर्जाची डब्ल्यूएव्ही फाइल करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा, एक नदीपासून लांब. मग ज्येष्ठांना बसवा, ऐकवा आणि ते सांगतील ते लिहून घ्या: कोण गातंय, टाळ कुणाचे, पखवाज कुणाचा, कुठल्या देवळात, कुठल्या साली, कुठल्या निमित्तानं, आणि टेपरेकॉर्डरचं बटण कुणी दाबलं होतं. साल नक्की आठवत नसेल तर 'पुराच्या आधी' किंवा 'धाकट्याच्या लग्नाच्या वर्षी' असंही चालेल, साल त्यावरून काढता येतं. सभा संपल्यावर मी इथं थांबणार आहे. कुणाच्या घरी अशी कॅसेट असेल तर आत्ताच सांगा, उद्या सकाळी आपण मिळून तिची पहिली नोंद करू.